पेढी, पेट्या आणि भुंगेरे

नागपुरातल्या कळमन्याच्या धान्यबाजारात गव्हाच्या पोत्याला टोचा मारून मूठभर दाणे तळहातावर घेतले, की व्यापारी आधी दाण्याचा रंग पाहतो आणि लगोलग दुसरे काहीतरी शोधू लागतो. दाण्याला भोक पडले आहे का? हातावर काही वळवळते आहे का? सोंडे निघाले तर भाव पडतो. खपरा निघाला तर गोष्ट एका पोत्यावर भागत नाही, अख्ख्या गोदामाला धुरी द्यावी लागते. या दोन किड्यांशी इतवारीतल्या पेढ्यांचे हाडवैर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे.

खपरा हा शब्द तर आपल्या बाजारपेठांतून निघून जगभर पोचला. अमेरिकेच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या बंदरात एखाद्या मालात ही कीड सापडली, की तिथला तपासनीसही अहवालात ‘खपरा’ असेच लिहितो. तिला शास्त्रीय नाव मिळाले १८९८ साली. एव्हर्ट्स या डच कीटकतज्ज्ञाने तिला ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम म्हटले. तिची केसाळ अळी भिंतीच्या फटीत शिरून बसली, की अन्नाचा कण मिळाला नाही तरी काही वर्षे तग धरते. गोदाम रिकामे करा, झाडून घ्या, पुढच्या हंगामात नवा माल भरा. स्वारी पुन्हा हजर.

सोंडे काय, खपरा काय, दोघेही भुंगेरे. पुढच्या पंखांची कडक ढाल आणि तिच्याखाली घडी घालून ठेवलेले उडण्याचे पातळ पंख, ही या कुळाची खूण. काजवा याच घरचा. शेणाचा गोळा ढकलत नेणारा शेणकिडा, उकिरड्यातून निघणारा गेंडा भुंगा, बाजरीच्या कणसावर बसणारे हिंगे, उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीचे आईबाप, हे सगळे याच घरचे. आणि बाभळीचा पाला घालून काडेपेटीत ठेवलेले हिरवेगार चमकते सोनपाखरू तर खेड्यात वाढलेल्या कित्येकांच्या लहानपणाचा भागच. शास्त्राने आजवर भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींना नावे दिली आहेत. जगातले सगळे मासे, बेडूक, साप, पक्षी आणि सस्तन प्राणी एकत्र मोजले तरी आकडा पाऊण लाखाच्या आसपास राहतो.

एवढी नावे ठेवायला बारशाला माणसेही तितकीच लागली. त्यात पगारी शास्त्रज्ञ होतेच, पण पाद्री, डॉक्टर, वकील आणि लष्करी अधिकारी यांची एक मोठी हौशी फौजही होती. आणि त्या फौजेत एक जमात अशी होती, जिची तिथे कोणी अपेक्षा करणार नाही. ती म्हणजे पेढीवरची माणसे. चहाचे व्यापारी, दारू गाळणारे, छापखान्याचे मालक, आयात-निर्यातवाले. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हुंड्या आणि बिले, आणि रात्री दिव्याखाली चिमट्यात धरलेला भुंगेरा.

भुंगेराच का? फुलपाखरू देखणे खरे, पण त्याला हात लावायची खोटी, पंखांची भुकटी बोटाला लागते. पक्षी ठेवायचा तर कातडे सोलणे, भुसा भरणे आले. साप स्पिरिटच्या बाटलीत घालावा लागतो. भुंगेरा मेल्यावर जवळजवळ जिवंतपणी होता तसाच राहतो. त्याचे कवच हेच त्याचे जतन. कापसात गुंडाळून डबीत घातला की टपालाने साता समुद्रापार जातो आणि एका पेटीत दोनशे मावतात. ज्याला रविवारशिवाय सुट्टी नाही, पण टपालखर्चाला पैसे आहेत, अशा माणसासाठी याहून सोयीचा छंद नाही.

यातले कारागिरीचे अंग एकदा जवळून पाहायला हवे. मेलेला भुंगेरा कडक झालेला असेल तर ओल्या टीपकागदाच्या डबीत ठेवून आधी नरम करतात. मग बारीक, न गंजणारी टाचणी घेऊन ती पाठीच्या मध्यावर न टोचता उजव्या पंखढालीच्या वरच्या भागात टोचतात. मध्यावर दोन ढालींची शिवण असते. तिथे टाचणी गेली तर ढाली फाकतात आणि ओळखीच्या खुणाही जातात. उजवी बाजू बिघडली तरी डावी शाबूत राहते. टाचणी खालून कोणत्या दोन पायांच्या मधून निघावी हेही ठरलेले आहे. मिशा मागे वळवून, पाय पोटाशी घेऊन तो वाळू देतात. राईएवढा भुंगेरा असेल तर टाचणी टोचणे शक्यच नसते. मग कागदाच्या इवल्याशा त्रिकोणाच्या टोकावर डिंकाच्या थेंबाने त्याला चिकटवतात आणि टाचणी कागदाला टोचतात.

आणि मग त्याच टाचणीवर, भुंगेऱ्याच्या खाली, नखाएवढी चिठ्ठी. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. संग्रहाचा जीव या चिठ्ठीत असतो. चिठ्ठी नसलेला भुंगेरा, मग तो हिऱ्यासारखा चमकत का असेना, अभ्यासकाच्या दृष्टीने बिनबिलाचा माल. तो कुठून आला, कधी आला, खरेच तिथून आला का, काही सांगता येत नाही. ही गोष्ट कवीला पटवून द्यावी लागते. पेढीवर वाढलेल्या माणसाला नाही. आवक-जावक, खतावणी, पोच, नग, दिनांक यांतच त्याचे आयुष्य गेलेले असते. व्यापारी माणसे या छंदात इतकी का चमकली, याचे उत्तर त्यांच्या पैशात जितके आहे तितकेच या सवयीत आहे.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये भुंगेऱ्यांच्या पेट्या उघडल्या की काही चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा भेटतात. ‘बोरिंग ६३-४७’ ही त्यातली एक. आकड्यांचा अर्थ साधा आहे. १८६३ साली संग्रहालयात दाखल झालेली ४७ वी नोंद. हा जॉन चार्ल्स बोरिंग म्हणजे हाँगकाँगच्या जार्डिन मॅथिसन या बड्या व्यापारी कंपनीतला भागीदार, तिथल्या गव्हर्नराचा मुलगा. ‘एफ. बेट्स ८१-१९’ हा लेस्टर गावचा दारू गाळणारा फ्रेडरिक बेट्स. त्याचा भाऊ हेन्री वॉल्टर बेट्स ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षे राहून प्रसिद्ध झाला. फ्रेडरिक घरी बसून बिअर गाळत राहिला आणि त्याने काळ्या भुंगेऱ्यांच्या एका किचकट गटात नाव काढले. ‘जी. लुईस १९१०-३२०’ हा जॉर्ज लुईस, चहाच्या व्यापारासाठी जपानला गेलेला. तिथल्या आणि पुढे सिलोनच्या भुंगेऱ्यांनी त्याने पेट्याच्या पेट्या भरल्या. ‘फ्राय १९०५-१००’ म्हणजे अलेक्झांडर फ्राय. रिओ दि जानेरोत व्यापार करून पैसा कमावला आणि ब्राझीलचे भुंगेरे घेऊन परतला. मेल्यावर सगळा संग्रह संग्रहालयाला गेला.

या चिठ्ठ्या वाचताना एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. त्यांवर मालकाचे नाव आहे. रिओच्या आसपासच्या रानात लाकडाच्या सालीखाली हात घालून तो भुंगेरा प्रत्यक्ष काढला कोणी, हे बहुतेक चिठ्ठ्यांवर नाही. पेढीच्या पाटीवर शेठजींचे नाव असते, हमालांचे नसते. तोच न्याय इथेही चालला.

या व्यापारी संग्राहकांचा मेरुमणी मात्र लंडनचा नव्हता. फ्रान्समधल्या रेन गावात ओबेर्तुर घराण्याचा मोठा छापखाना होता. फ्रान्समध्ये घरोघरी टपालवाला जे वार्षिक पंचांग विकायला आणतो, ते याच छापखान्यात छापले जायचे. वडिलांनी उभारलेला हा धंदा चार्ल्स आणि रने या दोन भावांनी सांभाळला आणि दोघांनी मिळून कीटकविश्वाची जणू वाटणी करून घेतली. थोरल्याने फुलपाखरे घेतली, धाकट्याने भुंगेरे. रने १८५२ मध्ये जन्मला आणि १९४४ मध्ये वारला. एवढ्या दीर्घ आयुष्यात स्वतः जाळे घेऊन तो किती हिंडला असेल ते असो. त्याची खरी करामत खरेदीत होती. एखादा नामांकित संग्राहक वारला किंवा अडचणीत आला, की रनेचा माणूस बोली घेऊन हजर. रशियन सरदार शोदुआर याचे जमिनीवर धावणारे भुंगेरे, ॲमेझॉनवाल्या बेट्सचा त्याच गटाचा संग्रह, जेम्स थॉमसनची भली मोठी जमवाजमव, हे सगळे एकामागून एक रेनला येऊन दाखल झाले. शिवाय चीन आणि तिबेटच्या सीमेवरचे फ्रेंच मिशनरी धर्मप्रचारातून वेळ काढून डबे पाठवत होतेच. अखेरीस ५० लाख नमुने आणि सुमारे २०,००० पेट्या जमल्या. १९५२ साली फ्रेंच सरकारने हा सगळा पसारा विकत घेतला आणि तो पॅरिसच्या संग्रहालयात गेला. एका माणसाने जमवलेले ५० लाख भुंगेरे! दिवसाला १०० पाहायचे म्हटले तरी १३७ वर्षे लागतील.

आता थोडे घरच्या अंगणात. १८९५ साली बेल्जियमच्या कीटकशास्त्र संस्थेच्या वार्षिक अंकात पानखाऊ भुंगेऱ्यांच्या नव्या जातींवर एक लेख आला. जाती हिंदुस्थानातल्या, गोळा करणारा अँड्र्यूज नावाचा इंग्रज, आणि लेखभर पुन्हा पुन्हा येणारे ठिकाण म्हणजे बेळगाव. बेळगावच्या पानापानांवर बसलेले हे किडे ओळखणारा लेखक मार्टिन जेकबी हा धंद्याने व्हायोलिनवादक होता. मँचेस्टरच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात आणि पुढे लंडनच्या ऑपेरात वाजवायचा, शिकवण्या घ्यायचा, आणि उरलेल्या वेळात जगभरच्या पानखाऊ भुंगेऱ्यांना नावे द्यायचा. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या सरकारी ग्रंथमालेत या गटाचा पहिला खंड त्याच्याच नावावर आहे. तो छापून आला १९०८ साली. जेकबी आदल्या वर्षी वारला होता.

त्या ग्रंथमालेतल्या भुंगेऱ्यांच्या खंडांवर नुसती लेखकांची नावे वाचत गेलो तरी मौज वाटते. वाघभुंगेऱ्यांवर लिहिणारे फाउलर हे पाद्री. कुजक्या पाल्यातल्या आखूडपंखी भुंगेऱ्यांचे खंड लिहिणारे माल्कम कॅमेरॉन नौदलातले डॉक्टर. बेळगाववाला हर्बर्ट अँड्र्यूज जमिनीवरच्या भुंगेऱ्यांचा जाणकार झाला आणि १९२९ व १९३५ साली त्याचे दोन खंड निघाले. आणि या साहेबी नामावळीत एक बंगाली नाव ठळकपणे उठून दिसते. समरेंद्र मौलिक यांनी पानखाऊ भुंगेऱ्यांचे पुढचे तीन खंड लिहिले.

पण पेढी आणि प्राणिशास्त्र यांची खरी गळाभेट महाराष्ट्रात झाली ती मुंबईच्या कोटात, फोर्ब्स स्ट्रीटवर, चक्क एका दारूच्या दुकानात.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतले आठ जण भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जमले आणि त्यांनी एक मंडळ काढले. तीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांत दोन मराठी डॉक्टर होते, प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनौषधींचे जाणकार सखाराम अर्जुन. बाकी साहेबांत एडवर्ड एटकेन हा मीठ आणि जकात खात्यातला, जन्माने सातारचा, मिशनऱ्याचा मुलगा, डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून आलेला. घरातले डास, मुंग्या, पाली यांच्यावर इतके खुसखुशीत लिहिणारा माणूस त्या काळात दुसरा नव्हता. दर महिन्याला भेटायचे, आपण काय पाहिले ते सांगायचे, काही मिळाले असेल तर दाखवायचे, एवढाच मंडळाचा कार्यक्रम. पण दाखवायला आणलेल्या वस्तू परत कोण नेणार? कवट्या, कातडी, बाटल्या साचू लागल्या आणि जागा हवी झाली.

ती दिली हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन याने. फिप्सन वाइनचा व्यापारी. १८, फोर्ब्स स्ट्रीट या आपल्या दुकानातली जागा त्याने जानेवारी १८८४ मध्ये मंडळाला देऊन टाकली. दर्शनी भागात विलायती दारूच्या बाटल्या, आतल्या बाजूला स्पिरिटमध्ये बुडवलेल्या सापांच्या बाटल्या. गिऱ्हाइकाची कधी गफलत झाली की नाही, इतिहास सांगत नाही. लवकरच पसारा वाढला आणि मंडळ फिप्सनबरोबरच ६, अपोलो स्ट्रीट इथे गेले. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. फिप्सन मानद चिटणीस झाला आणि पुढची वीसेक वर्षे त्याने धंदा आणि संस्था एकाच छपराखाली चालवल्या. त्याला स्वतःला नाद होता सापांचा. पण चिटणीस या नात्याने त्याने जे केले त्याचा लाभ प्रत्येक गटाला झाला. कोकणातला मामलेदार असो, कारवारचा जंगल अधिकारी असो की वऱ्हाडातला पोलीस कप्तान, पाठवलेल्या डब्याची पोच मिळणार, वस्तूवर नोंद चढणार आणि ती योग्य जाणकाराकडे जाणार, हा भरवसा त्याने निर्माण केला. दुकानदारीचेच कसब हे. माल आला की पोच, पोच गेली की ओळख, ओळख झाली की पुन्हा माल.

फिप्सनच्या घरची गोष्टही मराठी वाचकाला परकी नाही. त्याची बायको डॉ. एडिथ पीची. एडिंबरा विद्यापीठाशी झगडून वैद्यक शिकणाऱ्या पहिल्या सात स्त्रियांतली एक, मुंबईच्या कामा रुग्णालयाची डॉक्टर. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देऊन ज्यांनी सारा देश हादरवला त्या रखमाबाईंना इंग्लंडला जाऊन डॉक्टर होण्यासाठी ज्यांनी पाठबळ दिले, त्यांत एडिथ पुढे होती. आणि रखमाबाईंचे सावत्र वडील कोण? सोसायटीच्या आठ संस्थापकांतले डॉ. सखाराम अर्जुन. तेव्हाची मुंबई एवढी लहान होती की सापांची बाटली, वाइनचे दुकान, हायकोर्टातला खटला आणि बायकांचे इस्पितळ यांमध्ये फार तर दोन घरांचे अंतर असायचे.

फिप्सनच्या खुर्चीमागे १८९४ पासून एक पिंजरा होता. कारवारकडून आलेला एक महाधनेश, नाव विल्यम. चोचीने फळे झेलण्यात पटाईत, आणि एकदा पेटता चिरूट गिळूनही काही झाले नव्हते, अशी त्याची ख्याती. २६ वर्षे तो सोसायटीच्या कचेरीत राहिला. १९२० मध्ये त्याने तारेचा तुकडा गिळला. तो मात्र पचला नाही. सोसायटीच्या बोधचिन्हावर आज जो धनेश दिसतो तो याचाच वारस.

१९०६ मध्ये चिटणीसपद फिप्सनच्याच पेढीतल्या वॉल्टर मिलार्डकडे गेले. पेढी एकच, छंद एकच, फक्त खुर्चीतला माणूस बदलला. १९०८ साली एक लहान मुलगा मामाची चिठ्ठी घेऊन तिथे आला. हातात कागदाची पुडी, पुडीत एअरगनने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी. मिलार्डने ती ओळखली, मग मुलाला आत नेऊन पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकेक करून उघडून दाखवले. मुलाचे नाव सलीम अली. विल्यम तेव्हा कचेरीतच होता. पुढे सलीम अलींनाही घरच्यांनी धंद्याला लावून पाहिले. ते ब्रह्मदेशात भावाच्या खाण आणि लाकूड व्यवसायात गेले, मुंबईत परतून दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकले, पुन्हा ब्रह्मदेशात गेले. धंदा बुडाला. पक्ष्यांचे मात्र फावले.

हुमायून अब्दुलअली यांच्या बाबतीत उलटे झाले. १९१४ ते २००१ असे आयुष्य लाभलेल्या या मुंबईकराने धंदाही केला आणि पक्षीही सोडले नाहीत. सोसायटीच्या हजारो कातड्यांची, एकेका चिठ्ठीची तपासणी करून त्यांनी जी सूची तयार केली ती भागाभागाने कित्येक वर्षे प्रसिद्ध होत राहिली. असले काम पगार देऊन कोणाकडून करून घेणे अवघड. त्याला फिप्सनच्या जातीचाच माणूस लागतो.

आणि नागपूर? इथे हौशी व्यापाऱ्याची जागा सरकारी संग्रहालयाने घेतली. १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपला अजब बंगला. तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डी’अब्रू हे अभ्यासक होते. मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची त्यांची यादी १९३१ साली संग्रहालयाच्या नोंदमालेत निघाली, आणि पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात. विदर्भात आज कोणी फुलपाखरांवर काम करायला घेतले तर पहिला मुक्काम डी’अब्रूंच्या यादीपाशी पडतो.

भुंगेऱ्यांच्या जुन्या कागदपत्रांत नागपूर शोधू जाणाऱ्याची मात्र एक गंमत होते. ‘नागपोर’ हे नाव पाहून तो हरखतो आणि नीट वाचले की त्याच्या आधी ‘छोटा’ दिसते. १८९० च्या दशकात फादर कार्डों या मिशनऱ्याने छोटा नागपूरच्या पठारावरून युरोपात भुंगेऱ्यांचे भरपूर डबे पाठवले आणि बेल्जियमच्या अंकांत त्यांवर लेखमालाच चालली. ते नागपूर झारखंडातले. चिठ्ठीवर एक शब्द राहून गेला तर अंबाझरीचा भुंगेरा रांचीचा होतो आणि रांचीचा अंबाझरीचा.

संग्रहाच्या पेटीचेही शत्रू असतात, आणि इथे गोष्ट पुन्हा कळमन्याला येऊन मिळते. टाचणीला लावलेले भुंगेरे आतून पोखरून त्यांची भुकटी करणारा जो इवलासा किडा आहे तोही भुंगेराच आहे, आणि तोही खपऱ्याच्याच भाऊबंदांपैकी. व्यापाऱ्याने दिवसभर गोदामात ज्याच्याशी लढावे, त्याच्याच चुलतभावाशी रात्री पेटीत लढायचे. डांबराच्या गोळ्या, घट्ट बसणारे झाकण, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला एकेक पेटी उघडून पाहणे. पेटीच्या तळाशी पिठासारखी भुकटी दिसली, की समजायचे.

आज कोणी नागपूरकर दुकान सांभाळून हा छंद करू म्हणेल तर त्याला फ्राय किंवा ओबेर्तुरसारखे करता येणार नाही, आणि ते बरेच आहे. राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून परवानगीशिवाय काडीही उचलता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या जुन्या परिशिष्टात भुंगेऱ्यांच्या कितीतरी जाती होत्या. त्यातली एक, ॲगोनोट्रेकस अँड्र्यूजी, बेळगाववाल्या अँड्र्यूजचेच नाव मिरवते. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात दोन चेक नागरिकांना भुंगेरे आणि इतर कीटक गोळा करताना पकडले. एक शास्त्रज्ञ होता, दुसरा हौशी. न्यायालयाने पहिल्याला दंड केला, दुसऱ्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांनी तेव्हा बराच आरडाओरडा केला. पण शंभर-दीडशे वर्षे डबे बाहेरच जात राहिलेल्या देशाने झाकण जरा घट्ट लावले तर त्यात नवल काय?

नमुना गोळा करायचाच कशाला, फोटो काढा की, असे हल्ली सहज म्हटले जाते. सोनपाखरासाठी ते चालून जाईल. पण हुमणीचे भुंगेरे घ्या. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर शेकड्यांनी बसणारे हे तपकिरी किडे फोटोत सगळे सारखेच दिसतात. कोणती जात आहे हे बऱ्याचदा नराचे जननेंद्रिय बाहेर काढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार पाहूनच ठरते. आणि ते ठरणे शेतकऱ्याच्या कामाचे आहे, कारण वेगळ्या जातीचे पिढीचक्र आणि आवडते झाडही वेगळे असू शकते.

असे काम महाराष्ट्रात होते आहे. पुण्याच्या मॉडर्न कॉलेजातले प्रा. हेमंत घाटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पोलंडच्या लेख बोरोविएत्स या तज्ज्ञासह पुण्यातल्या कासवभुंगेऱ्यांवर लेख लिहिला. कोणता भुंगेरा कोणत्या झाडाची पाने खातो याची नोंद त्यात आहे. कासवभुंगेरे म्हणजे कडेने पारदर्शक झालर असलेले, थेट कासवासारखे दिसणारे किडे. काही तर जिवंतपणी सोन्यासारखे झळकतात आणि मेल्यावर तो रंग विरून जातो. लेख छापला गेला पोलंडमध्ये, पण किडे पाहिले गेले ते पुण्यातल्या कुंपणांवर आणि पडीक जागांत. परवानगी लागू नये असे रान प्रत्येक शहराला असते: मोकळा भूखंड, घराचा गच्चीदिवा, खताचा खड्डा. जैवविविधता कायद्यानुसार नवी जात सापडलीच तर तिचा नमुना ठरवून दिलेल्या राष्ट्रीय भांडारात जमा करावा लागतो. त्या भांडारांच्या यादीत फिप्सनच्या दुकानात सुरू झालेली ती मुंबईची संस्थाही आहे.

नागपुरात जूनचा पहिला पाऊस पडून गेल्यावर गच्चीवर पांढरा पंचा बांधून त्यामागे दिवा लावला, तर अर्ध्या तासात पंचा काळा पडतो. हुमणीचे भुंगेरे आधी येतात, धपाधप आपटत. मग शेणकिडे, मग तलावावरून उडत आलेले गुळगुळीत पाणभुंगेरे, आणि एखादा गेंडा भुंगा, जो आल्याआल्या दिव्यावरच डोके आपटून उताणा पडतो. घरातली मुलेच त्यांना उचलण्यात पटाईत असतात. टाचणीवरच्या चिठ्ठीवर तीन ओळींची जागा असते. पहिलीत नागपूर आणि मोहल्ला. दुसरीत तारीख, आणि ‘दिव्याला’ हा एक शब्द. तिसरीत, पेटीचा मालक कोणीही असो, ज्याने तो भुंगेरा पंच्यावरून उचलला त्याचे नाव.